ड्रोनयुद्ध म्हणजे ‘व्हिडिओ गेम’ नव्हे

‘वातानुकूलित खोलीत बसून बटण दाबणाऱ्या ड्रोनचालकाला माणूस मेल्याचे सोयरसुतक नसते, त्याच्यासाठी तो व्हिडिओ गेमच असतो,’ हे विधान समाजमाध्यमांवर सतत फिरत असते. त्याच्या पुष्ट्यर्थ मांडले जाणारे मुद्दे तपासून पाहिले, तर ते टिकत नाहीत.

पहिला मुद्दा अंतराचा. अमेरिकेतील नेवाडा राज्यातल्या क्रीच तळावरून अफगाणिस्तानात रीपर हे सशस्त्र ड्रोन उडवणारा चालक लक्ष्यापासून हजारो किलोमीटर दूर असे, हे खरेच आहे. परंतु लढाऊ विमानाचा वैमानिक बॉम्ब टाकून निघून जातो, तर ड्रोनचालक आणि त्याच्या शेजारी बसून ड्रोनचे कॅमेरे हाताळणारा सेन्सर ऑपरेटर एकाच घरावर कधी कधी कित्येक दिवस नजर ठेवून असतात, त्या घरातली माणसे अंगणात केव्हा येतात हेही त्यांना पाठ होते आणि क्षेपणास्त्र आदळल्यावर मृतांची नोंद करण्यासाठी कॅमेरा तिथेच रोखून धरावा लागतो. पाळी संपली की लास व्हेगासजवळच्या आपल्या घरी जायचे, ही यातली आणखी विचित्र बाब.

जिवाला धोका नाही म्हणून मनाला इजा नाही, हा दुसरा मुद्दा. अमेरिकी सैन्यदलांच्या आरोग्यविषयक अभ्यासात २०१३ साली ड्रोनचालक आणि प्रत्यक्ष विमान उडवणारे वैमानिक यांच्यातील मानसिक विकारांचे प्रमाण, वय व सेवाकाळ यांसारखे घटक जमेस धरल्यावर, जवळपास सारखेच आढळले. अर्थात, प्रत्येक ड्रोनचालक उद्ध्वस्त होतो असे म्हणणारेही तितकीच अतिशयोक्ती करतात. बहुतेकांना पोखरतो तो पाळ्यांचा आणि अपुऱ्या मनुष्यबळाचा थकवा.

निरपराध माणसे चालकाच्या बधिरपणामुळे मरतात, हा तिसरा मुद्दा सर्वांत दिशाभूल करणारा आहे. २१ फेब्रुवारी २०१० रोजी अफगाणिस्तानच्या उरुझगान प्रांतात प्रवाशांच्या तीन गाड्यांवर क्रीचमधील प्रेडेटर ड्रोनचे पथक काही तास पाळत ठेवून होते. गाड्यांत मुले असल्याचे चित्रविश्लेषकांनी सुचवूनही पथकाने ते गौण मानले, शस्त्रांचा मात्र कसून शोध घेतला आणि त्यांच्या माहितीवर विसंबून हेलिकॉप्टरांनी केलेल्या हल्ल्यात वीसहून अधिक नागरिक मारले गेले. चुकीची माहिती कळवल्याबद्दल लष्करी चौकशीने पथकावर ठपका ठेवला. त्या पथकाला काही वाटत नव्हते असे नाही. जमिनीवरील आपल्या सैनिकांना वाचवण्याची त्यांना इतकी घाई होती, की पडद्यावरचा प्रत्येक धूसर ठिपका त्यांना शत्रूच वाटू लागला. स्पष्ट दिसत असल्याचा हा भ्रम बधिरपणापेक्षा घातक असतो, कारण सहृदय माणूसही त्यातून सुटत नाही.

राहिले युक्रेनमधील युद्ध; तिथे तर अंतराचा मुद्दाही लागू पडत नाही. तिथे डोळ्यांवर गॉगल चढवून एफपीव्ही (ड्रोनच्या कॅमेऱ्यातले दृश्य थेट चालकाच्या डोळ्यांसमोर दाखवणारा) ड्रोन उडवणारा सैनिक अनेकदा आघाडीपासून काही किलोमीटरवरच तळघरात असतो आणि शत्रूचे ड्रोन त्यालाच हुडकत असतात.