‘व्हीलॅनचं खूळ’ : अमळनेरच्या भाऊंच्या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया चिडून लिहिलेली आहे, पण तिच्यात नुसती चीड नाही, कामाची माहितीही आहे. म्हणून दोन ओळींत ‘धन्यवाद’ लिहून मोकळा होत नाही.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. कॅमेऱ्यांचं व्हीलॅन (म्हणजे त्याच स्विचवर आणि त्याच वायरींवर आखलेलं स्वतंत्र नेटवर्क) वेगळं कसं करायचं, हे मी मागच्या लेखात लिहिलं होतं. भाऊंनी ते एका जिनिंगमध्ये करून पाहिलं. आठ पोर्टचा, ब्राउझरमधून सेटिंग होणारा स्विच. पोर्ट ५ ते ८ व्हीलॅन २० मध्ये अनटॅग्ड (म्हणजे डेटावर व्हीलॅनच्या नंबराची चिठ्ठी, ‘टॅग’, न ठेवता) टाकले, पाचव्याला एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) जोडला. एनव्हीआरला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळाला तो ऑफिसच्याच १९२.१६८.१ च्या रेंजमधला. मग व्हीलॅन १ मधून (स्विच नवा असताना सगळे पोर्ट त्यातच असतात) पोर्ट काढायला घेतले, तर स्विचचं पेजच उघडेना, रिसेट करावा लागला. वायरशार्क (वायरीवरून जाणारा डेटा दाखवणारा प्रोग्राम) लावून पाहिलं, टॅग कुठेच नाही. शेवटी भाऊ लिहितात, “चालू व्हतं ते बी बंद पाडं. लहान जिनिंगवाल्याला हे खूळ कशाला? दुसरा साधा स्विच लावला की झालं. तुम्ही लोक पुण्याचं ऑफिस डोळ्यासमोर ठेवून लिहिता.”

पुण्याचं नंतर बघू. आधी पोर्ट पाच.

तुम्ही म्हणता पोर्ट पाच ‘व्हीलॅन २० मध्ये आहे’. ते अर्धंच खरं आहे. अनटॅग्ड मेंबर करणं म्हणजे स्विचला एवढंच सांगणं, की व्हीलॅन २० ची फ्रेम (डेटाचं एक पाकीट) या पोर्टमधून बाहेर सोडताना टॅग काढून सोड. बाहेरून टॅगशिवाय आत येणारी फ्रेम कोणत्या व्हीलॅनची धरायची, हे ठरतं पीव्हीआयडीवर, म्हणजे त्या पोर्टला नेमून दिलेल्या व्हीलॅन नंबरावर. तो रकाना अशा बऱ्याच स्विचवर वेगळ्या पेजवर असतो आणि कारखान्यातून १ लिहूनच येतो. कमांडवर चालणाऱ्या मोठ्या स्विचला पोर्ट अ‍ॅक्सेस मोडमध्ये (एकाच व्हीलॅनचा) टाकून व्हीलॅनचा नंबर दिला की दोन्ही गोष्टी एकदमच होतात, म्हणून तिथे काम केलेल्या माणसाला हा घोळ माहीतच नसतो.

आता तुमच्या एनव्हीआरचं काय झालं ते बघा. त्याने आयपीसाठी हाक मारली. फ्रेमला टॅग नाही, पीव्हीआयडी १, म्हणजे ती गेली व्हीलॅन १ मध्ये. तिथे ऑफिसचा राउटर बसलेलाच होता, त्याने उत्तर दिलं. ते उत्तर पाचव्या पोर्टवर परत आलं, कारण तो पोर्ट व्हीलॅन १ चाही अनटॅग्ड मेंबर राहिला होता. अशा स्विचवर एकच पोर्ट दोन व्हीलॅनमध्ये अनटॅग्ड राहू शकतो, आणि स्विच तोंडातून चकार शब्द काढत नाही.

आणि इथेच तुमची तक्रार उपयोगी पडते. चुकीच्या रेंजचा आयपी मिळाला म्हणजे दोन्ही कामं राहिली होती. नुसता पीव्हीआयडी राहिला असता आणि व्हीलॅन १ ची मेंबरशिप निघाली असती, तर उत्तर परत आलंच नसतं आणि उपकरणाला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला असता, नाहीतर काहीच दिसलं नसतं. म्हणून मी पोरांना सांगतो, आयपी मिळाला नाही की चुकीचा मिळाला, हे आधी नीट विचारा. दोन्ही तक्रारी ‘नेट चालत नाही’ याच शब्दांत येतात.

खात्री करायची असेल तर स्विचच्या मॅक टेबलमध्ये (कोणतं उपकरण कोणत्या पोर्टवर दिसलं याची यादी) जा. एनव्हीआरच्या मागच्या स्टिकरवरचा मॅक अ‍ॅड्रेस (उपकरणाचा स्वतःचा नंबर) तिथे शोधा. त्या ओळीत पोर्ट ५ आणि व्हीलॅन १ दिसलं, तर बाकी काही तपासायची गरज नाही, पीव्हीआयडी बदला. व्हीलॅन २० दिसत असूनही कॅमेरा येत नसेल, तर पाचवा पोर्ट सोडा आणि पुढच्या वायरीकडे चला.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी व्हीलॅन २० तयार करा, मग मेंबरशिप, मग पीव्हीआयडी, आणि व्हीलॅन १ मधून पोर्ट काढणं सगळ्यात शेवटी. तुमचा लॅपटॉप आठव्या पोर्टला होता. स्विचचं स्वतःचं पेज व्हीलॅन १ वर, आणि तुम्ही आठवा पोर्ट व्हीलॅन १ मधूनच काढलात. बसल्या फांदीवर कुऱ्हाड! ज्या पोर्टवरून सेटिंग करताय त्याला हात लावू नका, हे लेखात ठळक अक्षरात आहे. आणि सेव्ह वेगळं करावं लागतं का ते बघून घ्या. काही स्विचवर ‘अप्लाय’ दाबलं तरी लाईट गेली की सगळं पुसलं जातं, आणि लाईट जाणं आपल्याकडे काही नवलाईचं नाही.

वायरशार्कबद्दल. पाचव्या पोर्टवर टॅग दिसायलाच नको, तो अनटॅग्ड आहे. ट्रंकवर (दोन स्विच जोडणाऱ्या, एकाहून जास्त व्हीलॅन वाहणाऱ्या पोर्टवर) दिसायला हवा, पण विंडोजमध्ये बऱ्याच नेटवर्क कार्डांचा ड्रायव्हर टॅग आधीच काढून टाकतो, वायरशार्कपर्यंत तो पोचतच नाही. तोच पोर्ट लिनक्सच्या लॅपटॉपवर पाहा. टॅग म्हणजे फ्रेममध्ये घातलेले चार बाइट.

आता दुसरा साधा स्विच. चार कॅमेऱ्यांचं दुकान असेल आणि कॅमेऱ्यांच्या वायरी थेट एनव्हीआरच्या मागच्या पीओई (त्याच वायरीतून वीजही देणाऱ्या) पोर्टांत जात असतील, तर तुमचं शंभर टक्के बरोबर. तिथे कॅमेरे तसेही एनव्हीआरच्या आतल्या वेगळ्या नेटवर्कवर असतात. व्हीलॅन तिथे लावणाऱ्याने बिल वाढवायला लावलं असं मीच म्हणेन.

पण तुम्हीच लिहिलंय, की गेटवर वजनकाट्याचा कॉम्प्युटर आणि दोन कॅमेरे आहेत, आणि तिथून ऑफिसपर्यंत एकच फायबर आहे. अंतर शंभर मीटरच्या वर असल्याने तांब्याची केबल चालणार नव्हती. पावसाळ्यातल्या विजा बघता ते बरंच झालं. आता त्या एका फायबरवरून काट्याचं बिलिंग आणि कॅमेऱ्यांचं चित्र दोन्ही यायचं आहे. दोन साधे स्विच घ्यायचे तर दुसरं फायबर ओढा, कापसाच्या ट्रका उभ्या असलेल्या यार्डात पुन्हा चर खणा. त्यापेक्षा फायबरच्या दोन्ही टोकांच्या पोर्टवर व्हीलॅन २० टॅग्ड करा, व्हीलॅन १ जसं आहे तसं अनटॅग्ड राहू द्या. गेटचा स्विच मात्र टॅग समजणारा हवा. साधा असला तर तो टॅगसकट फ्रेम कॅमेऱ्याकडे ढकलतो, आणि कॅमेरा तिला ओळखत नाही. हे पुण्याचं ऑफिस नाही भाऊ, हे जिनिंगचंच यार्ड आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हे सगळं बरोबर झालं की ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कॅमेरे दिसायचे बंद होतील आणि शेटजींचा फोन येईल. ते बिघडलेलं नाही, वेगळं केलं म्हणून वेगळं झालं. दोघांच्या मधे राउटर लागेल, व्हीलॅन समजणारा. व्हीलॅन २० मध्ये आयपीही तोच देईल, तोवर एनव्हीआरला हाताने द्या. नेट कंपनीने दिलेल्या डब्यात ही सोय बहुतेक वेळा नसते. राउटर लावल्यावरही ऑफिसमधून काट्याच्या कॉम्प्युटरला पिंग (उत्तर येतं का ते पाहणारी हाक) लागेल, पण व्हीलॅन २० मधून लागणार नाही, कारण विंडोजची फायरवॉल सहसा आपल्याच सबनेटच्या (आपल्याच आयपी रेंजच्या) पिंगला उत्तर देते. त्या पिंगवरून स्विचला दोष देऊ नका.

मॅक टेबलचा आणि पीव्हीआयडीच्या पेजचा फोटो पाठवा, राउटरचा मॉडेल नंबरही लिहा. गेटच्या स्विचचं नाव तुम्ही दिलेलं नाही, ते आधी कळवा. तो साधा निघाला तर बाकीच्या कशालाही हात लावण्यात अर्थ नाही.