घडी तरी उघडा!

जुना सरकारी अहवाल स्कॅन करताना आत चिकटवलेल्या नकाशाची घडी उघडायला असा किती वेळ लागतो? डिजिटल संग्रहातला दीडशे वर्षांपूर्वीचा अहवाल काढावा, मजकुरात ‘सोबतचा नकाशा पाहा’ असं वाचावं, उत्साहाने ते पान गाठावं, तर तिथे मिटलेल्या कागदाची पाठ! मोठ्या तक्त्यांचंही तेच. आकडे सगळे घडीच्या आत.

आणि घडी उघडलीच, तर स्कॅन निव्वळ काळा-पांढरा. करडी छटासुद्धा नाही. ब्रिटिश समाजसुधारक एडविन चॅडविकच्या १८४२ च्या आरोग्य अहवालात इंग्लंडमधल्या लीड्स शहराचा नकाशा आहे. त्यावर पटकीच्या (कॉलराच्या) जागा निळ्या रंगात आणि इतर साथीच्या रोगांच्या लाल रंगात दाखवल्या आहेत. असा नकाशा काळा-पांढरा केला की दोन्ही खुणा सारख्याच काळ्या. मग कुठे कोणता रोग होता, हे ओळखायचं कसं? ज्यासाठी तो नकाशा काढला, तेच पुसून टाकलंत की!

वर ‘मूळ प्रत हाताळायला मिळणार नाही, डिजिटल प्रत उपलब्ध आहे’ हे ग्रंथालयाचं उत्तर ठरलेलं. अहो, उपलब्ध काय आहे? मिटलेला कागद! कागद जुना असतो, घडीवर फाटायची भीती असते, हे मलाही कळतं. पण मग नकाशा स्कॅन केलेला नाही अशी नोंद तरी करा. आणि ज्या अहवालांचं स्कॅनिंग असं अर्धवट झालंय, त्यांच्या मूळ प्रती तरी वाचकांना नाकारू नका.