कीबोर्डचा गांधार उतरवता येतो

दादर-परळकडच्या गाण्याच्या क्लासांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. 'कीबोर्डचे बारा सूर कारखान्यात पक्के होतात, एकटा सूर हलवता येत नाही. मास्टर ट्यूनिंग ४३२ करा, गांधार शुद्ध होईल. नाहीतर मुलांना हार्मोनियम द्या, ती नैसर्गिक सुरात असते.'

पहिलं विधान साफ चूक. यामाहा, रोलँड, कॉर्ग यांच्या बऱ्याच मॉडेलांत 'स्केल ट्यूनिंग' असतं. हवा तो सूर एकेका सेंटने चढवता-उतरवता येतो. लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट. अरबी संगीत वाजवणाऱ्यांना तर ५० सेंटांचा पाव सूर लागतोच. अगदी स्वस्त मॉडेलांत ही सोय नसते, म्हणून दुकानातच मेनू उघडून बघावा.

४३२ची गोष्ट जास्त मजेशीर. मास्टर ट्यूनिंग, म्हणजे सगळ्या कीबोर्डची उंची एकत्र ठरवणारी सेटिंग, ४४० हर्ट्झवरून तिथे आणलं की सगळेच सूर सुमारे ३२ सेंट उतरतात. षड्ज (सा) उतरला, गांधारही (ग) उतरला, मधलं अंतर तेवढंच. आणि दुखणं त्या अंतरातच आहे! कीबोर्डचा गांधार षड्जापासून ४०० सेंटवर, तानपुऱ्याच्या तारेतून आपसूक उमटणारा ३८६वर. पुरुषी काळी एकचा (षड्ज सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीवर असलेला) तानपुरा लावा आणि कीबोर्डवर जोडीच्या तारांहून, म्हणजे षड्जात लावलेल्या मधल्या दोन तारांहून, दोन सप्तकं वरचा गांधार, म्हणजे तिथली पांढरी चार (चौथी पांढरी पट्टी), दाबून धरा. आवाज सेकंदाला पाच-सहा वेळा थरथरेल. ती पट्टी १४ सेंट उतरवा, थरथर जवळजवळ थांबते.

मात्र हा बदल पट्टीला चिकटतो, गांधाराला नाही. पुढचं गाणं पांढरी चारमध्ये आलं की तोच उतरलेला सूर षड्ज होऊन बसतो, आणि गाणारा बिचारा स्वतःच्या गळ्यावर संशय घेतो.

हार्मोनियम नैसर्गिक? कारागीर रीडचं (आत थरथरणाऱ्या धातूच्या पातळ पट्टीचं) टोक घासून सूर चढवतो, बुडाशी घासून उतरवतो. सूर माणूसच लावतो, आणि आज बहुतेक पेट्या कीबोर्डसारख्याच समान अंतरांवर लावलेल्या असतात. १९४० साली रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली, त्यामागच्या तक्रारींत हीही होती.

दरबारी रागाचा कोमल गांधार मात्र स्केल ट्यूनिंगमध्ये शोधू नये. तो आंदोलित, म्हणजे हळू झुलणारा, एका आकड्यावर थांबतच नाही. पिच व्हीलने, म्हणजे सूर सरकवणाऱ्या कीबोर्डवरच्या चाकाने, त्याच्या आसपास जाता येतं, पण ते दाबलेले सगळे सूर एकदम ओढतं; तेव्हा डाव्या हाताने षड्ज धरून ठेवू नका.