ऋण काढून स्ट्रायकर घ्यावा

परवा आमच्या फुटबॉल क्लबचा ईमेल आला. सुरुवातच 'प्रिय कुटुंबीय'. क्लबने कुटुंबीय म्हटलं की समजायचं, खिशात हात घालायची वेळ आली. पहिल्या परिच्छेदात बातमी, की शाश्वत आर्थिक आराखड्याचा भाग म्हणून आमचा मिडफिल्डर विकलाय. आठ वर्षांचा असल्यापासून अकादमीत वाढलेला पोरगा, तोही खालच्या डिव्हिजनमध्ये घसरू नये म्हणून ज्यांच्याशी मारामारी चालू आहे त्याच टीमला. दुसऱ्या परिच्छेदात मेंबरशिपचे वाढीव दर. आणि त्याच्या खाली तिसऱ्या जर्सीची जाहिरात, ती घालून हसत उभा कोण, तर तोच विकलेला पोरगा! फोटो बदलायचीही तसदी घेतली नाही कुणी. संध्याकाळी ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंच्या खरेदीविक्रीची मुदत, बंद व्हायला काही मिनिटं असताना बत्तीस वर्षांचा, दोन्ही गुडघे दुरुस्त करून आणलेला एक स्ट्रायकर लोनवर, म्हणजे उसना, आला, सीझन संपल्यावर सक्तीने विकत घ्यायच्या अटीसकट.

तेव्हा लक्षात आलं की क्लब चालवणं हे एक शास्त्र आहे आणि आपण उगाच शिव्या घालत बसतो. म्हणून तुमच्यापैकी ज्यांना एखादा डबघाईला आलेला क्लब चालवायला घ्यायचाय त्यांच्यासाठी काही अनुभवसिद्ध सल्ले देतोय, फुकट.

पहिला सल्ला, क्लब स्वतःच्या पैशाने घेऊच नका. स्वतःचा पैसा घालून क्लब घेणारा माणूस भाबडा. 2005 मध्ये ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड घेतला तेव्हा क्लबवर कर्ज नव्हतं, खरेदीसाठी काढलेलं बरंचसं कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवलं आणि व्याज आजतागायत क्लबच भरतोय. म्हणजे वस्तूनेच स्वतःची किंमत फेडायची आणि मालकी तुमची. तेवढी पत नसेल तर एक पाउंडवाला क्लब शोधा, तसेही असतात. ग्लासगोचा रेंजर्स, 54 वेळा स्कॉटलंडचा चॅम्पियन, 2011 मध्ये एका पाउंडाला गेला. नव्या मालकाने बँकेचं 1 कोटी 80 लाख पाउंडांचं देणं फेडलं, लोक खूश झाले, नंतर कळलं की पैसे आले होते पुढच्या काही वर्षांची सीझन तिकिटं आधीच विकून. याची टोपी त्याच्या डोक्यावर, आणि टोपी गेली ती तिकीट काढणाऱ्याची. पुढच्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत आणि टीम चौथ्या डिव्हिजनमध्ये.

दुसरा. जे उत्पन्न अजून आलेलं नाही ते आलंय असं धरून चाला. यातले आद्यगुरू लीड्स युनायटेड. चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेचे पैसे दरवर्षी येणारच असं गृहीत धरून 6 कोटी पाउंड उचलले, तेही पुढच्या तिकीटविक्रीच्या तारणावर. रिओ फर्डिनंड 1 कोटी 80 लाखांना घेतला, बचावपटूसाठी तेव्हा जगात कुणी एवढे मोजले नव्हते. 2001 मध्ये चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलला पोचलेसुद्धा, पण त्याच सीझनला लीगमध्ये चौथे आले आणि पुढच्या वर्षीच्या चॅम्पियन्स लीगचं तिकीट हुकलं. आता आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. 2004 मध्ये घसरले, 2007 मध्ये आणखी एक पायरी खाली, आणि प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या डिव्हिजनमध्ये, परत यायला 2020 उजाडलं. चेअरमनच्या केबिनमधले गोल्डफिशसुद्धा भाड्याचे होते असं तेव्हा उघडकीला आलं. मासे भाड्याने! आता बोला.

आणि हो, खेळाडू विकला तरी त्याच्या पगाराचा काही भाग तुम्हीच देत राहा, लीड्सने रॉबी फाउलर मँचेस्टर सिटीला विकून तेच केलं होतं.

टीम घसरली तर पगार आपोआप कमी व्हावेत असं कलम करारात घालू नका, अपशकुन होतो.

मोठा खेळाडू विकून रग्गड पैसे आले तर ते बँकेत ठेवण्याचा करंटेपणा करायचा नाही. बार्सिलोनाने 2017 मध्ये नेमार 22 कोटी 20 लाख युरोला विकला. एवढे पैसे यांच्याकडे आलेत हे साऱ्या जगाला माहीत, त्यामुळे जो तो भाव वाढवूनच बसलेला, तरी डेंबेले घेतला, कुटिन्यो घेतला, दोन वर्षांनी ग्रीझमनही घेतला, प्रत्येकी शंभर दशलक्षाच्या वर. 2021 मध्ये नव्या अध्यक्षांनी सांगितलं की एकूण देणी 135 कोटी युरो आणि पगाराचा खर्च उत्पन्नाच्या 103 टक्के. शंभरातले एकशे तीन पगारावर! मेस्सीला रडत रडत जावं लागलं. मग सुधारले असतील असं वाटलं असेल तुम्हाला. छे. 2022 मध्ये लीगच्या टीव्ही हक्कांच्या उत्पन्नातला 25 टक्के हिस्सा 25 वर्षांसाठी विकून टाकला आणि त्याच उन्हाळ्यात लेवांडोव्हस्की, राफिन्या, कुंदे असे नवे खेळाडू घेतले. म्हणजे आज शाळेत जाणारी पोरं नोकरीला लागतील तोवर तो हिस्सा दुसऱ्याच्या खिशात. बार्सिलोना बार्सिलोना आहे म्हणून निभावलं, तुमच्या क्लबला असलं काही कोण देणार नाही, पण प्रयत्न करायला काय जातंय.

स्टेडियमचं बघा. क्लबचं स्टेडियम स्वतःच्याच दुसऱ्या कंपनीला विका, मग क्लबला तिथेच भाड्याने ठेवा. डर्बी काउंटीच्या मालकाने 2018 मध्ये प्राइड पार्क असंच आपल्याच कंपनीला 8 कोटी 10 लाखांना विकलं, त्या वर्षी ताळेबंदात छान नफा दिसला. 2021 मध्ये क्लब दिवाळखोर होऊन प्रशासकांच्या ताब्यात गेला, सीझनभरात 21 पॉइंट कापले आणि वेन रूनीसारखा मॅनेजर असून टीम घसरली. ताळेबंद मात्र एका वर्षापुरता सुंदर होता हे कुणी नाकारू शकत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला, इथे नीट लक्ष द्या. अकादमी. अकादमी कशासाठी असते? आपल्या गावातली पोरं मोठी होऊन आपल्याच टीममध्ये खेळावीत म्हणून? एवढे भाबडे असाल तर क्लब काय चालवणार तुम्ही. अकादमी असते ताळेबंदासाठी. समजा 10 कोटीला एक खेळाडू आणला, पाच वर्षांच्या करारावर. वहीत दरवर्षी फक्त 2 कोटी खर्च लागतो, झेपतंय असं वाटतं, मग दुसरा आणता, तिसरा आणता, आणि असे पाचसहा आणल्यावर हे दोन दोन कोटी दरवर्षी सगळे मिळून दारात उभे राहतात, पगार वेगळाच. तीन वर्षांनी तो खेळाडू 3 कोटीला विकला तर वहीत त्याची किंमत अजून 4 कोटी, म्हणजे वर 1 कोटी तोटा. पण अकादमीतल्या पोराची वहीतली किंमत किती? शून्य. तो विकला की आला तो सगळा पैसा निव्वळ नफा. प्रीमियर लीगचा तेव्हाचा नियम तीन वर्षांत साडेदहा कोटी पाउंडांपर्यंतच तोट्याचा, तो मोडला म्हणून एव्हर्टनचे एकाच सीझनमध्ये आधी 10 पॉइंट कापून त्यातले 4 परत दिले आणि मग वरून आणखी 2 कापले, एकूण 8 पॉइंट गेले. मग काय, 30 जूनला हिशेबाचं वर्ष संपायच्या आत पोरं विकायची झुंबड. 2024 च्या जूनमध्ये तर कमालच झाली, एव्हर्टनने आपल्या अकादमीतला डॉबिन अॅस्टन व्हिलाला दिला, व्हिलाने आपला इरोएगबुनाम एव्हर्टनला, दोघांच्याही वहीत नफा! न्यूकॅसलचा एलियट अँडरसन, लहानपणापासून त्याच क्लबचा फॅन, त्याला साडेतीन कोटीला नॉटिंगहॅम फॉरेस्टला विकला, आणि त्याच सुमारास फॉरेस्टकडून एक गोलकीपर 2 कोटीला घेतला जो न्यूकॅसलकडून जवळजवळ खेळलाच नाही. न्यूकॅसलच्या मालकांकडे पैसा कमी होता का, नव्हता, नियमात बसायचं होतं. अँडरसन पुढे इंग्लंडकडून खेळला. फॉरेस्टचा खेळाडू म्हणून. आणि हे कुणासाठी? बाहेरून आणलेल्या, आल्यापासून उपचारांच्या टेबलावर पडून असलेल्या, ज्याच्या एजंटलाच आमच्या अख्ख्या महिला टीमपेक्षा जास्त पैसे मिळाले असतील अशा कुणाचा तरी वार्षिक हप्ता वहीत बसावा म्हणून! घरचं पोर विकायचं ते बाहेरून आणलेल्याचा हप्ता भरायला, आणि वर आम्हालाच सांगायचं की हा दूरदृष्टीचा निर्णय आहे, कुटुंबीयांनी समजून घ्यावं. काय समजून घ्यायचं? तो पोरगा कॉर्नर फ्लॅगपाशी जाऊन बिल्ल्यावर हात ठेवायचा तेव्हा अंगावर काटा यायचा, ते कुठल्या रकान्यात लिहिता तुम्ही?

असो. सल्ले चालू होते.

मॅनेजर दर सहा महिन्यांनी बदला, काढलेल्याची नुकसानभरपाई किरकोळ खर्च समजून द्या, नव्याला जुन्याचे खेळाडू आवडत नाहीत हे ओघाने आलंच.

डॉर्टमुंडचं उदाहरण कुणी दिलं तर विषय बदला. कारण ते अडचणीचं आहे. शेअर बाजारात उतरलेला पहिला जर्मन क्लब, पैसा उधळला, 2005 मध्ये दिवाळं निघता निघता वाचला, बायर्न म्युनिककडून 20 लाख युरो उसने घ्यावे लागले होते. मग त्यांनी काय केलं तर गप्प बसून खर्च कापला, तरुण पोरं खेळवली, 2008 मध्ये क्लॉपला मॅनेजर म्हणून आणलं, शिंजी कागावा साडेतीन लाख युरोत घेतला. साडेतीन लाख! 2011 आणि 2012 ला लीग जिंकली. सहा वर्षं लागली याला. तुमच्याकडे कुठे सहा वर्षं असतात, तुम्हाला या शनिवारचं पडलेलं असतं.

आणि शेवटी सगळं बुडालंच तरी घाबरायचं नाही, तुमचं काही जात नाही. इंग्लंडमध्ये तर त्याची सोयच आहे. क्लब प्रशासकांकडे गेला की आधी पूर्ण पैसे कुणाचे द्यायचे, तर खेळाडूंचे आणि दुसऱ्या क्लबांचे. बाकीचे लोक मागे रांगेत, उरलं तर पाउंडामागे काही पेनी. पोर्ट्समथ 2008 ला एफए कप, म्हणजे इंग्लंडमधली सगळ्यात जुनी कप स्पर्धा, जिंकला, 2010 ला प्रीमियर लीगमध्ये असताना दिवाळखोरीत गेलेला पहिला क्लब ठरला, आणि ज्यांचे पैसे थकले होते त्या यादीत कोण होतं माहितीये? सेंट जॉन अँब्युलन्स. मॅचला कुणी चक्कर येऊन पडलं तर स्ट्रेचर घेऊन धावणारे स्वयंसेवक. तीन वर्षांत टीम चौथ्या डिव्हिजनला गेली, शेवटी 2013 मध्ये फॅन्सनीच पैसे गोळा करून क्लब वाचवला. स्वप्न मालकाने बघितलं, फेडलं लोकांनी.

इंग्लंडमधल्या 'बरी' या क्लबचं तर काय सांगू. 1885 चा क्लब, दोनदा एफए कप जिंकलेला. 2018 च्या डिसेंबरमध्ये एका पाउंडाला विकला गेला. 2019 मध्ये टीम वरच्या डिव्हिजनमध्ये चढली, आणि खेळाडूंचे पगार थकलेले. ऑगस्टमध्ये, क्लब वाचेल आणि शनिवारी मॅच होईल या आशेवर, लोक झाडू आणि बादल्या घेऊन आले आणि गिग लेन या क्लबच्या स्टेडियममधल्या खुर्च्या पुसत बसले. म्हातारे, पोरंटोरं, सगळे. त्याच रात्री लीगने क्लबला काढून टाकलं. सव्वाशे वर्षं लीगमध्ये होता.

तर बास झाला उपरोध. मालक लोक हो, कर्ज काढायला कुणाची ना नाही. स्टेडियम बांधायला काढा, अकादमी बांधायला काढा, ते दहा वर्षांनीही क्लबकडे असतं. पण बत्तीस वर्षांच्या माणसाच्या आठवड्याच्या पगारासाठी कर्ज काढताना, आणि ते बुडालं तर भरणार आम्ही हे माहीत असताना, तुम्हाला थोडीही लाज वाटत नाही का? एक खराब सीझन गेला तर हे पगार कशातून देणार, एवढा एक प्रश्न सही करायच्या आधी कुणी विचारत नाही का त्या मीटिंगमध्ये? पाणी प्यायला जाता का सगळे? सीझन तिकिटाचे दर वाढवताना बरोबर आकडेमोड जमते, तिथे एक पेनी चुकत नाही तुमची. बत्तीस वर्षांच्याला चार वर्षांचा करार द्यायचा, टीम घसरली की 'आम्हीही तुमच्याइतकेच दुखावलो आहोत' म्हणून पत्रक काढायचं, आणि दोन वर्षांनी शेअर विकून निघून जायचं. दुखावलेत म्हणे. तुम्ही दुसरा क्लब घ्याल हो. आम्ही कुठे जायचं, बाजूच्या क्लबला टाळ्या वाजवायला?

नसेल झेपत तर स्पष्ट सांगा की यंदा कुणी नवीन येणार नाही, आहे त्या पोरांवर खेळू, खाली गेलो तर जाऊ. आम्ही येऊ मॅचला, पावसात येऊ, याआधीही आलोय. हिशेब लपवू नका, थकलेली बिलं आधी द्या, स्ट्रेचरवाल्यांचं सगळ्यात आधी. आणि विकून जायचंच असेल तर खुशाल जा, पण स्टेडियमची कागदपत्रं क्लबच्या नावावर ठेवून जा.