कर्नलचं सोवळं

आमच्या रामबागेतल्या घरी जिन्याखाली एक जुना डेस्कटॉप आहे. घरात सगळे त्याला डबा म्हणतात, मी सर्व्हर म्हणतो. त्याच्यावर विंडोजऐवजी लिनक्स आहे, वीस वर्षांचे फोटो आहेत आणि आईची कीर्तनं आहेत, जी ती रोज सकाळी पूजा करताना टीव्हीवर लावते. तर गेल्या पावसाळ्यापासून हा डबा मरायला लागला. म्हणजे बंद नाही पडायचा हं, बंद पडला तर आपण चालू करतो आणि विसरतो. हा मरायचा. बुवा निरूपणाच्या मधेच तोंड उघडं ठेवून थिजायचे, आणि इकडे जिन्याखाली कीबोर्डवरचे कॅप्स लॉक आणि स्क्रोल लॉकचे दिवे लुकलुकत बसायचे. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, सगळं मशीन चालवणारा प्रोग्राम. तो पॅनिक झाला, म्हणजे त्याने हात टेकले, आणि जुना गोल पिनवाला कीबोर्ड असला की हे दिवे असे उघडझाप करतात. आई म्हणाली, "छान दिसतंय रे, गणपतीत पण असंच ठेव."

एकदा मी वैतागून बायकोला स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो, "अगं, कर्नल परत मेला!" तर शेजारच्या काकू, ज्या वाटी घेऊन साखर मागायला आल्या होत्या, त्या दारातच थबकल्या. हळूच विचारलं, "महूचे होते का?" आमच्याकडे इंदूरला महूची छावणी इतकी जवळ की कर्नल म्हटलं की मिशाच आठवतात. मी म्हटलं नाही हो काकू, कॉम्प्युटरचा. त्या म्हणाल्या, "पण परत कसा मेला?" याचं उत्तर मलाच हवं होतं.

आता कोणालाही विचारायला गेलं की पहिला प्रश्न एकच, लॉग, म्हणजे मशीनची रोजनिशी, कुठाय. तिथेच सगळं घोडं अडतं. रीबूट करून 'जर्नलसीटीएल' या लॉग दाखवणाऱ्या कमांडला मागच्या बूटचा, म्हणजे मागच्या वेळी मशीन चालू झाल्यापासूनचा, हिशेब मागितला तर शेवटची ओळ होती की सात वाजून दोन मिनिटांनी काहीतरी नेहमीचं काम नेहमीसारखं झालं. बस. त्यानंतर थेट नवीन जन्म. म्हणजे माणूस गेला आणि शेवटचे शब्द काय, तर "दूध आलं का?"

याला कारण आहे. साध्या ओळी डिस्कवर पक्क्या करायचं काम जर्नल, म्हणजे हा लॉग लिहिणारा प्रोग्राम, पाच-पाच मिनिटांनी करतं, आणि कर्नल एकदा पॅनिक झाला की तो स्वतःच्याच फाइलसिस्टिमवर विश्वास ठेवत नाही. मेमरीत काय खराब झालंय हे त्याला माहीत नसतं, अशा अवस्थेत डिस्कवर लिहायला गेलो तर वीस वर्षांचे फोटो पण घेऊन जाऊ, म्हणून तो हात बांधून गप मरतो. खरं सांगू का, मला आदर वाटला. आमच्याकडे लोक मरताना तीन मृत्युपत्रं करून जातात.

मग मी मॉनिटर लावून ठेवला, म्हटलं स्क्रीनचा फोटो तर काढू. चार दिवसांनी मेला, मी पोह्यांची प्लेट टाकून धावलो, आणि स्क्रीनवर फक्त शेपटाच्या पंचवीसेक ओळी, खरा मजकूर वर निघून गेलेला. पोहे पण गार. 6.12 पासूनच्या कर्नलमध्ये म्हणे पॅनिकच्या स्क्रीनवर क्यूआर कोड दाखवायची सोय आलीये, मोबाइलने स्कॅन करा की लॉग तुमच्याकडे. माझा कर्नल जुना, पण मी ही बातमी आईला कौतुकाने सांगितली तर ती म्हणाली, "मरताना पण पैसेच मागून राहिला का?"

नेटकन्सोल म्हणून एक प्रकार असतो, त्यात मरणारा मरता मरता नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला ओळी फेकतो. पण त्याला वायरचं नेटवर्क लागतं आणि माझा डबा वायफायच्या डोंगलवर, जो मी जेल रोडवरच्या एका दुकानातून घासाघीस करून स्वस्तात आणलेला. त्या डोंगलकडे तेव्हा मी फार लक्ष दिलं नाही. द्यायला हवं होतं.

शेवटी केडम्प. हे प्रकरण मला आमच्या आजोबांच्या वाड्यामुळे लगेच कळलं. वाड्यात माडीवरची एक खोली कायम कुलपात, घरात अठरा माणसं, पोरं जिन्यात झोपतायत, पण ती खोली पुण्याच्या आत्याची. आत्या यायची कधी, तर घरात कोणी गेलं की. आली की कुलूप उघडायचं, आणि आत्या पदर खोचून कोणाला काय झालं, शेवटी कोण जवळ होतं, दागिने कुठेत, सगळं दोन तासात वहीत उतरवायची. केडम्प तेच करतं. बूट होतानाच थोडी मेमरी बाजूला काढून तिथे दुसरा एक छोटा कर्नल कुलपात बसवून ठेवायचा. मी 256 एमबी दिली. रोजच्या वापराला त्यातलं एक अक्षर मिळत नाही. पहिला कर्नल मेला की मेलेल्याच्या मेमरीला हात न लावता हा दुसरा उठतो आणि सगळं 'वार-क्रॅश' नावाच्या फोल्डरमध्ये उतरवून काढतो. ज्याच्या जोरावर हे होतं ते केएक्झेक कर्नलमध्ये 2005 ला आलंय, आणि मी दोन महिने पोह्यांच्या प्लेटा टाकून धावत होतो.

पण आत्या खरंच येणार का हे बघायचं तर कोणीतरी जायला पाहिजे ना. म्हणजे चांगल्या चालत्या मशीनला स्वतःच्या हाताने मारायचं. 'सिसआरक्यू-ट्रिगर' नावाच्या फाइलमध्ये एक 'सी' लिहायचा, बस, एकच अक्षर, खलास. मी रविवारी सकाळी लिहिला. बुवा थिजले. आई आतून ओरडली. बायको आली, "काय झालं?"

"काही नाही, मीच मारला."

"मुद्दाम?"

"टेस्टिंग."

ती काही बोलली नाही, फक्त खाली कचऱ्याच्या गाडीचं गाणं वाजत होतं ना, तिकडे बघितलं. त्या गाडीत इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो. इंदूर 2017 पासून स्वच्छतेत पहिलं येतंय ते अशाच बायकांमुळे.

आणि आत्या आलीच नाही! फोल्डर रिकामा. दीड तास डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की खोली राखून ठेवा हा निरोप बूट होतानाच पोचतो, आणि सेटिंग केल्यावर मी रीबूटच केलं नव्हतं. मेल्यावर परत चालू केलं तेव्हा ते झालंच होतं, म्हणून सरळ परत मारला, आणि या वेळी छोटा कर्नल उठला, घडघड घडघड लिहिलं, मशीन आपणहून परत चालू. फोल्डरमध्ये एक भलीमोठी डम्पची, म्हणजे मेमरीच्या नकलेची, फाइल आणि बाजूला साध्या अक्षरांतला लॉग. इतका आनंद मला दहावीच्या निकालाला झाला नव्हता.

त्यानंतर डबा तेवीस दिवस मेला नाही. घर खूश. मी आपला रोज सकाळी उठून फोल्डर बघतोय, जसं काही वाईटावरच टपलेलो. आई म्हणाली, "चांगलं चाललंय तर तोंड का पाडून बसलास?" काय सांगणार.

चोविसाव्या दिवशी गेला. लॉग मिळाला, अख्खा, डोक्यापासून शेपटापर्यंत, आणि मरायच्या जागी नाव कोणाचं, तर जेल रोडच्या त्या डोंगलच्या ड्रायव्हरचं, म्हणजे त्याला चालवणाऱ्या प्रोग्रामचं. मी लगेच लॉग एका जाणत्याला पाठवला. उलट उत्तर एका ओळीचं. तुमचा कर्नल 'टेंटेड' आहे, तो बाहेरचा ड्रायव्हर काढा, रीबूट करा, मग मेला तर कळवा.

टेंटेड म्हणजे विटाळलेला, दुसरा शब्दच नाही. माझी आजी असंच करायची. सोवळ्यात असताना बाहेरचं कोणी शिवलं की संपलं, शिवणारा लांब जाऊन उभा राहिला तरी आंघोळीशिवाय सुटका नाही. कर्नलचं पण तेच, बाहेरचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलसोबत न आलेला ड्रायव्हरसारखा तुकडा, एकदा लोड झालं की लॉगमध्ये 'ओ' चा शिक्का, मग मॉड्यूल काढून टाका नाहीतर त्याची माफी मागा, शिक्का रीबूटपर्यंत जात नाही. आणि विटाळलेल्याशी कोणी बोलत नाही.

डोंगल काढला. आता वायफाय नाही, म्हणून राउटरपासून जिन्यापर्यंत पंचवीस मीटरची लॅनची केबल टाकली, हॉलमधून, देवघराच्या वरून, खिळ्यांना बांधून. घरात सगळ्यांना बजावून ठेवलं की या वायरला कोणीही, म्हणजे कोणीही, हात लावायचा नाही. तेव्हापासून डबा मेलेला नाही.

परवा सकाळी बघतो तर केबल मधोमध झोळीसारखी लोंबतेय आणि तिच्यावर आईचं पूजेचं नेसूचं वाळत घातलेलं. मी म्हटलं, अगं आई, हे काय?

"अरे, घरात हीच एक जागा आहे जिला कोणी शिवत नाही."