अरबी लिपी रोमनमध्ये आणायला तक्ता पुरत नाही

‘अरबीत अक्षरं २८. प्रत्येकापुढे एक रोमन अक्षर लिहा, नाहीतर तयार लायब्ररी, म्हणजे हे काम करणारा आयता कोड, घ्या. उर्दू-फारसीही त्यातच भागते. आणि एकदा रोमन झालं की मूळ मजकूर ठेवायची गरज नाही.’ प्रोग्रामिंग करणाऱ्यांमध्ये हा सल्ला सर्रास फिरतो. नावांच्या नोंदी जुळवण्याच्या कामात मी त्याचे परिणाम निस्तरत आलोय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

अक्षरं २८ हे खरं, पण ती व्यंजनं आहेत. अलिफ, वाव आणि या ही तीन दीर्घ स्वरांचंही काम करतात. ऱ्हस्व स्वर मात्र रोजच्या लिखाणात कुणी लिहीत नाही. ‘मुहम्मद’ लिहिताना कागदावर चारच अक्षरं येतात: मीम, हा, मीम, दाल. तक्त्यातून बाहेर पडतं एम-एच-एम-डी. काफ-ता-बा ही तीन अक्षरं घ्या. ‘कतबा’ म्हणजे त्याने लिहिलं, ‘कुतिबा’ म्हणजे लिहिलं गेलं, ‘कुतुब’ म्हणजे पुस्तकं. अरबी वाचणारा पुढचं-मागचं वाक्य बघून ठरवतो. तक्त्याला वाक्य दिसतच नाही. काना-मात्रा-वेलांटी लिहायची सवय असलेल्या आपल्याला ही अडचण चटकन लक्षात येत नाही, हेही खरं.

लायब्ररीने हे सुटत नाही. युनिडीकोड ही अशीच एक लायब्ररी, ती एकेक अक्षर सुटं बघते. आयसीयू या दुसऱ्या लायब्ररीचं अरबी-रोमन रूपांतर ‘ह’खाली टिंब देतं, पण गाळलेले स्वर तेही भरत नाही. दोष या साधनांचा नाही. स्वर भरायला शब्दकोश आणि व्याकरण लागतं, ते काम त्यांनी अंगावर घेतलेलंच नाही.

‘उर्दू-फारसीही त्यातच’ हा दावा मला सगळ्यात घातक वाटतो, आणि त्याचा पुरावा आपल्या मराठीतच आहे. जमीन, मजकूर, हजर, नजर: आपण चारही ठिकाणी ‘ज’ लिहितो. मूळ लिखाणात मात्र तिथे चार वेगळी अक्षरं आहेत, अनुक्रमे झे, झाल, झाद आणि झोय. फारसी-उर्दूत चौघांचा उच्चार एकच, म्हणून आपल्याकडेही ते एकच होऊन आले. अरबीत तसं नाही. तिथे ‘हजर’चं मूळ ‘हादिर’ आणि रमजानचा महिना ‘रमदान’. अक्षर तेच, भाषा बदलली की रोमन रूप बदलतं. उस्मान या नावाचंही तसंच. अरबी माणूस ते यू-टी-एच असं सुरू करतो, भारतात बहुतेक जण यू-एस लिहितात, आणि हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान यांचं नाव इंग्रजीत ‘ओ’पासून सुरू होतं, उस्मानिया विद्यापीठाचंही. मजकूर कोणत्या भाषेतला आहे हे न विचारणारा प्रोग्राम यातलं बरोबर रूप निवडणार कसा?

उरला मूळ मजकूर टाकून देण्याचा मुद्दा. आमिर आणि अमीर ही दोन वेगळी नावं. एक ऐनने सुरू होतं, दुसरं अलिफने. साध्या रोमनमध्ये दोन्ही ए-एम-आय-आर. त्यातून मागे जायला वाट नाही. मागे जाता येईल अशी बकवॉल्टरची पद्धत आहे, प्रत्येक अक्षराला एकच चिन्ह देणारी. पण तिच्यात ‘शीन’साठी डॉलरचं चिन्ह येतं आणि ‘झाल’साठी तारा. संगणकाला ती चालते, पण पाहुण्यांच्या यादीत कुणाचं नाव डॉलरने सुरू करता येत नाही.

आमच्या कामात शेवटी दोन कॉलम ठेवले: मूळ लिपीतलं नाव जसंच्या तसं, आणि शेजारी त्या माणसाच्या पासपोर्टवरचं रोमन नाव. प्रोग्रामने काढलेली रोमन रूपं फक्त शोधण्यापुरती वापरतो, आणि एका नावाला ती दोन-तीन तरी ठेवावी लागतात.