तो छोटा ॲटम लॅपटॉप भंगारात देऊ नका, त्याचा प्रोसेसर ६४ बिटचाच आहे

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि तेव्हापासून एक मजकूर फिरतोय. त्यात म्हटलंय: २०१४-१५ च्या सुमाराचे दोन जीबी रॅमचे ॲटम (इंटेलचा स्वस्तातला प्रोसेसर) लॅपटॉप आणि टॅब्लेट लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमच्या) पेनड्राइव्हवरून चालू होत नाहीत, कारण त्यांचा प्रोसेसर ३२ बिटचा आहे. सेक्युअर बूट बंद करा, नाहीतर लेगसी मोड लावा. तरीही जमलं नाही तर लिनक्स चालणारच नाही, भंगारात द्या. पेनड्राइव्ह दिसत नाही, हे लक्षण खरं आहे. निदान मात्र चुकलंय, आणि त्यापायी चांगली यंत्रं भंगारात जाताहेत.

आधी प्रोसेसर. मशीनवर विंडोज अजून असेल तर सेटिंग्जमध्ये सिस्टिमची माहिती उघडा. माझ्या भाचीच्या लॅपटॉपवर तिथं लिहिलं होतं: ‘३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर’. त्या एका ओळीतच उत्तर आहे. आत इंटेलचा झेड३७३५एफ होता, अगदी व्यवस्थित ६४ बिटचा. ३२ बिटचं आहे ते यूईएफआय, म्हणजे बोर्डावरचं फर्मवेअर, मशीन चालू होताच सगळ्यात आधी धावणारा प्रोग्राम. ते पेनड्राइव्हवर ‘बूटआयए३२’ नावाची फाइल शोधतं. नेहमीच्या ६४ बिट लिनक्सच्या पेनड्राइव्हवर असते ‘बूटएक्स६४’. ती त्याच्या कामाची नाही, म्हणून बूट मेनूत पेनड्राइव्हचं नावच येत नाही. ॲपलच्या २००६ च्या मॅक प्रोमध्येही हीच जोडी होती: प्रोसेसर ६४ चा, फर्मवेअर ३२ चं.

सेक्युअर बूट फाइलची सही तपासतं. बंद करावं लागेल, पण तेवढ्यानं भागत नाही. लेगसी मोड, म्हणजे जुन्या बायोसच्या पद्धतीनं बूट करणं, तर या बहुतेक मशीनमध्ये नसतोच. तो शोधण्यात संध्याकाळ घालवू नका.

आता ‘लिनक्स चालणारच नाही’ हा दावा. ३२ बिट यूईएफआयवरून ६४ बिट कर्नल (सिस्टिमचा गाभा) चालवायची सोय लिनक्सच्या ३.१५ मध्ये, म्हणजे २०१४ मध्येच आली. डेबियन या लिनक्सच्या डिस्ट्रोत, म्हणजे तयार आवृत्तीत, ८ पासून मल्टी-आर्क नावाच्या इन्स्टॉलरमध्ये दोन्ही फाइली मिळू लागल्या. दुसरं एखादं डिस्ट्रो हवं असेल तर पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून त्याच्या ईएफआय/बूट फोल्डरमध्ये बूटआयए३२ ची फाइल आपण टाकायची. मी भाचीसाठी तेच केलं. पेनड्राइव्ह दिसला, निवडला, आणि काळ्या पडद्यावर ग्रबचं, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचं, नुसतं ‘ग्रब>’ आलं. इथं पुष्कळजण हात टेकतात. पण याचा अर्थ फर्मवेअरनं फाइल स्वीकारली, ग्रब सुरू झालं, त्याला फक्त स्वतःची कॉन्फिग फाइल सापडत नाहीये. ‘कॉन्फिगफाइल’ ही आज्ञा देऊन पेनड्राइव्हवरच्या ग्रब.सीएफजीचा रस्ता दाखवला, मेनू आला.

इन्स्टॉल झालं, पेनड्राइव्ह काढला, आणि मशीन पुन्हा थेट फर्मवेअरच्या सेटिंग्जच्या निळ्या पडद्यावर! कारण तेच. त्या इन्स्टॉलरनं आतल्या ईएमएमसीवर (साठवणुकीच्या चिपवर) ६४ बिटचं ग्रब ठेवलं होतं. पुन्हा पेनड्राइव्हवरून आत शिरून ग्रब-ईएफआय-आयए३२, म्हणजे ३२ बिटच्या ग्रबचं पॅकेज टाकल्यावर सुटलं. (मायक्रो यूएसबीचा एकच पोर्ट असलेल्या टॅब्लेटला ओटीजी हब घ्या, नाहीतर कीबोर्ड लावायचा की पेनड्राइव्ह, हाच प्रश्न पडतो.)

चालू झाल्यावर मधेच गोठतं, म्हणजे बोर्ड गेला, असंही त्या मजकुरात आहे. जुन्या कर्नलवर या चिप खरंच गोठायच्या, पण दोष प्रोसेसरच्या झोपेच्या अवस्थांचा होता. ग्रबमधल्या बूट ओळीत ‘इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१’ घातलं की थांबतं. बॅटरी जरा लवकर उतरते, इतकंच.

मजकुरातलं एक मला मान्य आहे. २०१२ चा ॲटम झेड२७६० असेल तर तो खरोखर ३२ बिटचा आहे, आणि त्याचं पॉवरव्हीआर ग्राफिक्स लिनक्सवर फार छळतं. विंडोज ११ सुद्धा या कुठल्याच मशीनवर नाही. ते फक्त ६४ बिटचं येतं, आणि विंडोजला फर्मवेअरही ६४ चंच लागतं. पण सिस्टिमच्या पडद्यावर ‘एक्स६४-बेस्ड’ दिसलं, तर ते मशीन भंगारवाल्याकडे नेऊ नका. भाची गेले चार महिने त्याच दोन जीबीवर पायथॉन शिकतेय.